करडू कशानं गेलं: रोगानं, चाऱ्यानं की रक्तानं?

मी कळंब तालुक्यातली. माझ्याकडं सध्या सतरा शेळ्या आणि एक बोकड आहे, सगळं उस्मानाबादी. जिल्ह्याचं नाव धाराशिव झालं, शेळीचं नाव तेच राहिलं. लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंच्या दावणीला तीन शेळ्या होत्या. त्यांच्याच लेकी-नातींचा हा कळप.

२०१८ च्या हिवाळ्यात माझ्याकडं अकरा करडं झाली आणि त्यातली सहा महिन्याच्या आत गेली. जन्मतानाच मलूल. उभं राहून सडाला तोंड लावायची ताकद नाही. एकाचा खालचा जबडा इतका आखूड की त्याला सड धरताच येईना, मी बाटलीनं दूध पाजलं, नवव्या दिवशी तेही गेलं. मला वाटलं साथ आहे. मेडिकलमधून पावडरी आणल्या, इंजेक्शनं टोचून घेतली, गोठ्यात धूर केला, नजर उतरवली. शेवटी दवाखान्यातले डॉक्टर घरी आले. करडं उलटीपालटी करून पाहिली, पेटी न उघडता विचारलं, "मावशी, यांचा बाप कोण?"

मी राजाकडं बोट केलं. राजा माझा लाडका बोकड, पाच वर्षं दावणीला.

"आणि यांच्या आयांचा बाप?"

मी पुन्हा राजाकडंच बोट केलं.

डॉक्टर काही बोलले नाहीत, आणि मला जे कळायचं ते तिथंच कळलं. त्या दिवसापासून मी वही ठेवते. करडू दगावलं की पहिला प्रश्न "कोणतं औषध?" हा नसतो. रोग, चारा आणि रक्त, यातलं नेमकं काय चुकलं ते आधी शोधायचं. हे तिन्ही बाहेरून सारखेच दिसतात. करडू वाळतं, केस राठ होतात, मान टाकतं. औषध फक्त पहिल्याला लागू पडतं. पैसा मात्र तिन्हींत जातो.

वही अशी ठेवा

शंभर पानी साधी वही पुरते. एका शेळीला एक पान. वर तिचं नाव, कानातल्या बिल्ल्याचा बारा आकडी नंबर, तिची आई आणि तिचा बाप. बापाची जागा मोकळी सोडू नका. माहीत नसेल तर "माहीत नाही" असं लिहा, तेही पुढं कामाला येतं. खाली प्रत्येक वेताची नोंद: माजावर कधी आली, कोणत्या बोकडाला दाखवली, कधी व्यायली, एक की जुळी, नर की मादी, जन्माचं वजन, तीन महिन्यांचं वजन, कोणता आजार झाला, जंताचं औषध कधी दिलं. करडू गेलं तर कितव्या दिवशी आणि आदल्या दिवशी कसं दिसत होतं.

शेळी साधारण एकवीस दिवसांनी माजावर येते आणि माज दीड दिवस टिकतो. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी दाखवा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा. तिथून दीडशे दिवस मोजा. ही तारीख वहीत असली की विण्याच्या आठवड्यात तुम्ही लग्नाला परगावी जाणार नाही.

दोन-तीन वेतांच्या नोंदी झाल्या की वही बोलायला लागते. एकाच आठवड्यात वेगवेगळ्या शेळ्यांची, वेगवेगळ्या बापांची करडं आजारी पडली, तर तो रोग किंवा गोठ्याचा दोष: ओल, गर्दी, गार वारा. एकाच शेळीची करडं दर वेताला खंगत असतील आणि बाकी दावण ठणठणीत असेल, तर करडाचा चारा, म्हणजे आईचं दूधच, कमी पडत असेल; आधी तिची कास हातानं दाबून बघा. एका बाजूला गाठ लागते का, दूध पाण्यासारखं येतं का. आणि एका बोकडाची परक्या शेळ्यांपासूनची करडं चांगली, पण नात्यातल्या शेळ्यांपासूनची मरतुकडी असतील, तर दोष रक्तात आहे. तिथं कितीही टोचा, उपयोग नाही.

रक्ताचं गणित

शेळीच्या अंगातल्या प्रत्येक पेशीत गुणसूत्रांच्या तीस जोड्या असतात, म्हणजे साठ गुणसूत्रं. करडाला प्रत्येक जोडीतलं एक आईकडून मिळतं, एक बापाकडून. मी बायकांना असं सांगते: दोन कणग्या आहेत, एक आईची, एक बापाची, आणि दोन्हींतली ज्वारी मिसळीची. दोन्हींतून एक-एक ओंजळ घेतली की झालं करडू. ओंजळीत कोणते दाणे येतील ते आपल्या हातात नाही, म्हणून एकाच वेतातली जुळी भावंडंही सारखी निघत नाहीत. कणगीत काय भरायचं ते मात्र आपल्या हातात आहे.

आता नात्यातल्या लग्नाचं बघा. प्रत्येक जनावराच्या रक्तात दोन-चार वाईट दाणे लपलेले असतातच, राजासारख्या देखण्या बोकडाच्यासुद्धा. या दाण्याला शास्त्रात जीन म्हणतात. त्याच जीनची दुसरी प्रत चांगली असेपर्यंत ते दिसत नाहीत. लेकीकडं बापाचे निम्मे दाणे असतात. तोच बाप लेकीला लागला की तोच वाईट दाणा दोन्हीकडून करडाच्या ओंजळीत यायची शक्यता वाढते. हिशोबात सांगायचं तर बाप-लेक किंवा सख्खी भावंडं एकत्र आली तर करडाच्या जीन-जोड्यांपैकी सरासरी २५ टक्के जोड्यांत दोन्ही प्रती एकाच पूर्वजाच्या येतात. सावत्र भावंडं किंवा आजा-नात असेल तर साडेबारा टक्के. दिसणारे दोष यातले थोडेच. जास्त नुकसान न दिसणारं असतं: वजन कमी भरतं, दूध कमी, शेळी उलटते (गाभ न राहता पुन्हा माजावर येते), करडू साध्या सर्दीनंही जातं. म्हणूनच ते आपल्याला रोगासारखं वाटतं.

पाट, म्हणजे मादी करडू, वर्षभरात गाभण राहण्याजोगी होते. बोकड दावणीला आल्यापासून दीड-दोन वर्षांत त्याच्या लेकी त्याच्यासमोर माजावर उभ्या राहतात. दोन वर्षांनी बोकड बदला असं डॉक्टर सांगतात, त्याचं कारण एवढंच. बोकड म्हातारा झालेला नसतो, तो दुसऱ्याच्या दावणीत अजून चार वर्षं चालतो.

एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते. उस्मानाबादीत बोकड बहुतेक शिंगाचे असतात, पण शेळ्यांत भुंड्या पुष्कळ निघतात. भुंडी शेळी गरीब वाटते, मारत नाही, म्हणून बायकांना आवडते. पण भुंडेपणा आणणाऱ्या जीनला आणखी एक गोष्ट चिकटलेली असते. सानेन, अल्पाइन अशा युरोपी जातींवर याचा नीट अभ्यास झालेला आहे. करडाला भुंडेपणाची प्रत आई आणि बाप दोघांकडून मिळाली आणि ते मादी व्हायचं असेल, तर ते ना धड पाट होतं ना धड बोकड. ते वाढतं, पण त्याला कधीच गाभ राहत नाही. माझ्याकडं असं एक करडू झालं होतं, आई भुंडी, बाप भुंडा. गल्लीत लोक अपशकुन म्हणाले, कुणी मला सासूच्या शापापर्यंत नेलं. त्यात शाप काही नव्हता, जोडी चुकली होती. नियम सोपा आहे: भुंड्या शेळीला शिंगाचाच बोकड दाखवा. शिंगाच्या बोकडाकडं भुंडेपणाची प्रतच नसते, त्यामुळं करडाला दोन प्रती मिळूच शकत नाहीत.

बोकड कोणता ठेवायचा

यावर मी कितीही वेळ बोलू शकते, कारण आपल्या भागातली शेळी बारीक होत चालली असेल तर ती इथं होते आहे.

बकरी ईदच्या आधी व्यापारी दारात येतो. त्याची नजर कुठं जाते? सगळ्यांत थोराड, चकाकत्या काळ्या बोकडावर. पैसे चांगले मिळतात, शाळेची फी तोंडावर असते, आपण देतो. मग दावणीला राहतं कोण? जे कुणी घेतलं नाही ते किरकोळ करडू. चार-पाच महिन्यांत तेच शेळ्यांच्या मागं लागतं आणि पुढच्या सगळ्या करडांचा बाप होतं. ही निवडच आहे, फक्त उलटी. दर वर्षी चांगला दाणा बाजारात आणि पोचट दाणा पेरायला. ज्वारीचं बी ठेवताना आपण असं करू का? सगळ्यांत भरलेलं कणीस आधी बाजूला काढतो. बोकडाचंही तसंच करा. व्यापारी यायच्या आधी, करडं तीन महिन्यांची असतानाच एक बाजूला काढा आणि तो विकायचा नाही असं घरात सगळ्यांना सांगून टाका. बाकीचे नर चौथा महिना लागायच्या आत वेगळे बांधा.

वजन करायला मी लिंबाच्या फांदीला ताणकाटा लावते. युरियाच्या धुतलेल्या पोत्याला दोन भोकं पाडून झोळी केली आहे, त्यात करडू बसवायचं. पाय हवेत गेले की ते गप्प होतं, तेवढ्यात काटा वाचायचा. आधी रिकाम्या पोत्याचं वजन वजा करायला विसरू नका.

इथं मी स्वतः दोन वर्षं चुकले. जे करडू काट्यावर सगळ्यांत जड भरेल तेच ठेवायचे. नंतर वही चाळताना लक्षात आलं की जड भरणारी सगळी एकटी जन्मलेली होती. साहजिक आहे, दोन्ही सडांचं दूध एकट्यानं प्यायलेलं. म्हणजे मी वजनाच्या नादात जुळं देणारं रक्तच दावणीतून काढून टाकत होते, आणि उस्मानाबादीचं मोठेपण तर जुळ्यात आहे. आता मी एकट्या करडाची एकट्याशी आणि जुळ्याची जुळ्याशीच तुलना करते. जुळ्यातलं नऊ किलोचं करडू मला एकट्या अकरा किलोच्यापेक्षा मोलाचं वाटतं. दोघं मिळून अठरा किलो होतात, आणि ते अठरा किलो त्या आईच्या दुधाचं प्रमाणपत्र आहे.

कोणता गुण रक्तानं किती उतरतो हेही समजून घ्या. वाढीचा वेग बऱ्यापैकी उतरतो. दोन जनावरांत वजनाचा जो फरक दिसतो, त्यातला साधारण पाव ते तिसरा हिस्सा रक्ताचा धरा, बाकी चारा-पाण्याचा. जुळं होण्याचा गुण मात्र फार कमी उतरतो, शंभरात दहा-पंधराच्या आसपास. त्यामुळं शेळीला एकदा जुळी झाली म्हणून तिचा मुलगा बोकड म्हणून धरू नका. तिची तीन-चार वेतं बघा, तिच्या आईची बघा. मेंढ्यांत गोष्ट वेगळी आहे. बंगालच्या गरोल मेंढीत जुळं देणारा एकच ठळक जीन सापडला आणि फलटणच्या निंबकर संस्थेनं तो आपल्या दख्खनी मेंढीत आणून नारी सुवर्णा ही मेंढी तयार केली. आपल्या शेळीत मात्र धीरानंच जावं लागतं. जुळ्यांचा लवकर हातात येणारा उपाय चाऱ्यात आहे: शेळी लावायच्या आधी दोन-तीन आठवडे रोज पाव किलो भरडा आणि शेवरीचा पाला.

बोकड निवडताना दोन्ही अंड हातात घेऊन बघा. सारखी, घट्ट, मोकळी हलणारी हवीत. एकच अंड उतरलेलं असेल तर तो बोकड कितीही देखणा असला तरी नको, कारण हा दोष वारशानं पुढं जातो. तोंड मिटवून खालचे दात वरच्या हिरडीला बरोबर टेकतात का तेही बघा. माझ्या त्या नवव्या दिवशीच्या करडामुळं मी हे आता अंधारातसुद्धा बोटानं चाचपते.

बोअर या परदेशी शेळीचा किंवा दुसऱ्या जातीचा संकर करायचा असेल तर पहिली पिढी चांगली निघते, भरभर वाढते. ती विकून मोकळं व्हा. त्या संकरित बोकडालाच पुढं बाप केलं की दुसऱ्या पिढीत करडं एकसारखी राहत नाहीत आणि पहिल्या पिढीचा जोम उतरतो. कडब्यावर आणि बाभळीच्या शेंगांवर दुष्काळ काढणारी शेळी हातातून जाते. २०१६ मध्ये लातूरला रेल्वेनं पाणी येत होतं, तेव्हा आमच्या काळ्या शेळ्या बांधावर बोरी-बाभळी ओरबाडून जगल्या. तो गुणही रक्तातलाच आहे आणि तो सांभाळायला हवा.

आता रोग

लसीची ताकद वारशानं उतरत नाही, हे आधी पक्कं करा. आईला टोचलं म्हणजे करडू सुरक्षित, असं नाही. करडाला आईच्या पोटात असताना तिची रोगाशी लढणारी शक्ती मिळतच नाही, ती फक्त चिकातून मिळते. म्हणून अर्ध्या-एक तासात चीक पोटात गेलाच पाहिजे आणि पहिल्या दिवसात वजनाच्या दहाव्या हिश्श्याइतका. दोन किलोचं करडू असेल तर पाव लिटरच्या जरा आत, थोडा थोडा करून. "वार पडल्याशिवाय चीक पाजू नये" असं आमच्याकडं म्हणायचे. या एका समजुतीनं किती करडं गेली असतील! नाळेला टिंक्चर आयोडीन लावा, माती किंवा राख नको.

मृगाच्या पहिल्या पावसानं कोवळं हिरवं उगवतं, शेळी अधाशासारखी खाते आणि दुसऱ्या दिवशी दावणीतलं सगळ्यांत गुबगुबीत करडू पाय झाडून मेलेलं सापडतं. तो आंत्रविषार. त्याचा जंतू आतड्यात आधीपासून असतोच, भरपूर पीठूळ किंवा कोवळं खाणं मिळालं की माजतो आणि विष सोडतो. उपचाराला वेळ मिळत नाही, म्हणून लस मे महिन्यातच घ्या. पहिल्यांदा देताना पंधरा दिवसांनी दुसरा डोस, मग दर वर्षी एक. गाभण शेळीला विण्याच्या महिनाभर आधी दिली तर चिकातून करडालाही फायदा होतो. घटसर्पाची लसही पावसाआधीच. दोन लसींत दोन-तीन आठवड्यांचं अंतर ठेवा.

पीपीआरला जुनी माणसं शेळ्यांची बुळकांडी म्हणतात. गुरांची बुळकांडी २०११ मध्ये जगातून नाहीशी झाली. ही तिचीच जवळची नातलग, आणि २०३० पर्यंत तीही संपवायचं जगानं ठरवलं आहे. नाका-डोळ्यांतून घट्ट स्राव, हिरड्यांवर कोंडा पसरल्यासारखे चट्टे, सडका वास, मग पातळ हगवण. चार महिन्यांच्या पुढं एक टोचणी दिली की तीन वर्षं बघायला नको. लस बर्फातून आली का ते मात्र विचारा. पातळ केलेली लस तासा-दोन तासांत संपवायची असते. उन्हात मोटरसायकलच्या डिकीत फिरलेल्या लसीचा उपयोग पाण्याइतकाच.

ही साथ बाजारातून येते. विकत घेतलेली किंवा बाजारातून न विकता परत आणलेली शेळी एकवीस दिवस वेगळी बांधा. वेगळं पाणी, वेगळं घमेलं, आणि तिचं काम सगळ्यांत शेवटी. गाव लहान, जागा नाही, हे मला माहीत आहे. मी शेजारणीच्या रिकाम्या कांदाचाळीत बांधते.

शेळीनं शेवटच्या दोन महिन्यांत गाभ टाकला तर नुसत्या हातानं उचलू नका. तो ब्रुसेला असू शकतो आणि तो माणसाला होतो: महिनोन्‌महिने ताप, सांधेदुखी. हातमोजे नसतील तर प्लास्टिकच्या पिशव्या घाला, वार आणि गर्भ चुना टाकून खोल पुरा, कुत्र्याला मिळू देऊ नका. रक्त तपासून घ्या, बोकडाचंही. दूध उकळूनच प्या. अडीअडचणीला १९६२ हा पशुवैद्यकीय सेवेचा टोल फ्री नंबर आहे.

डोळ्याची पापणी

जंताचं मी मुद्दाम शेवटी ठेवलं, कारण इथं रोग आणि रक्त एकमेकांना भेटतात. चांदी नावाची माझी एक शेळी वाईट रक्ताची म्हणून मी विकून टाकली. वाळलेली, जबड्याखाली पाण्याची पिशवी लोंबल्यासारखी सूज. नंतर कळलं की ती रक्त पिणाऱ्या जंतांची खूण होती. चांदीच्या आईचं पान आजही वहीत आहे, चार वेतं, चारही जुळी. उघडलं की मन खट्टू होतं.

पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी हे करा. शेळी उजेडाकडं तोंड करून गुडघ्यात धरा. एका अंगठ्यानं वरची पापणी मिटवून डोळा हलकेच आत दाबा, दुसऱ्या अंगठ्यानं खालची पापणी ओढा. आतली त्वचा क्षणभर वर येते, तिचा रंग बघा. डाळिंबाच्या दाण्यासारखी लाल असेल तर सोडून द्या. गुलाबी पडत चालली असेल तर पुढच्या आठवड्यात पुन्हा बघा. कापसासारखी पांढरी असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना विचारून, वजनाप्रमाणे औषध पाजा. दक्षिण आफ्रिकेत यासाठी पाच रंगांची पट्टी केलेली आहे, फामाचा नावाची. डॉक्टरांकडं असली तर एकदा ताडून बघा म्हणजे डोळा बसतो.

सगळ्या दावणीला सरसकट औषध पाजायची सवय मी सोडली. औषधाला दाद न देणारे जंत तेवढे जगतात आणि त्यांचीच पिल्लावळ वाढते. आपण बोकड निवडतो, तसं औषध जंत निवडतं. गरजेपुरतंच पाजलं की वहीत आपोआप दिसतं, कोणत्या शेळीला तीन पावसाळ्यांत एकदाही औषध लागलं नाही. माझ्याकडं अशा चार आहेत. जंतांना तग धरणं थोडंफार रक्तानं उतरतं, म्हणून फेऱ्यात द्यायला (तो फेरा खाली सांगते) मी पुढं वाढवीन तो बोकड या चारीतल्याच एकीचा असणार.

बोकडाचा फेरा

पाच शेळ्यांच्या बाईला दर दोन वर्षांनी नवा बोकड परवडत नाही. आमच्या बचत गटातल्या तिघींनी यावर वाट काढली. माझ्याकडचा बोकड दुसरीकडं, तिचा तिसरीकडं, तिसरीचा माझ्याकडं. फेरा नेहमी एकाच दिशेनं, दर दोन वर्षांनी, आणि प्रत्येक बोकडाचं पान त्याच्याबरोबर जातं. आपल्या लेकींना आपला बाप लागत नाही आणि खर्च फक्त ब्रुसेलाच्या रक्ततपासणीचा. तीन फेऱ्यांनंतर, म्हणजे सहा वर्षांनी, तोच वंश फिरून येतो, तेव्हा एक नवा बोकड तिघींनी वर्गणी काढून लांबच्या तालुक्यातून आणायचा. या दसऱ्याला माझा बोकड जाईल. तिसरीचा येईल तो ठिपक्याच्या कानाचा आहे, शिंगं आहेत, जुळ्यातला, तीन महिन्यांचं वजन साडेनऊ किलो. त्याच्यासाठी कांदाचाळ आत्ताच झाडून ठेवली आहे, एकवीस दिवस.